बातमी आणि जाहिरात एकाच हातात नको

तालुक्याच्या गावात वार्ताहर नेमताना त्याला पत्रकारितेबद्दल फारसं कुणी विचारत नाही. अंक किती खपवशील, ठेव किती भरशील, वर्षाकाठी जाहिरात किती देशील, हे प्रश्न आधी येतात. मानधन असलंच तर पेट्रोलपुरतं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, दिवाळी, वृत्तपत्राचा वर्धापनदिन आणि स्थानिक पुढाऱ्याचा वाढदिवस, एवढ्या पुरवण्या वर्षात ठरलेल्या असतात आणि प्रत्येक पुरवणीला वार्ताहराच्या नावापुढे आकडा लिहिलेला असतो. जाहिरात छापून आली आणि बिल वसूल झालं नाही, तर अनेक ठिकाणी ती रक्कम त्याच्याच खात्यावर चढते.

मुलीला किंवा मुलाला पत्रकारितेत जाऊ द्यावं का, असं आईवडील विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचा चेहरा असतो. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी सुरुवात मात्र अशी होते. म्हणून उत्तर तिथूनच द्यायला हवं. माझं उत्तर ‘हो’ आहे. जाऊ द्यावं, पाठीशीही उभं राहावं. पण बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा माणूस एकच असेल, अशा जागी पाठवू नये. या धंद्यातल्या बाकी अडचणींची तयारी करता येते. कमी पैसे, वेळीअवेळी फोन, कोर्टाच्या नोटिसा, माहिती न देणारे अधिकारी, या सगळ्यांवर काही ना काही इलाज आहे. या एका गोष्टीवर मात्र कितीही हुशार, कितीही प्रामाणिक मुलगा नेमला तरी इलाज चालत नाही.

का, ते जाहिरातदारांची यादी पाहिली की कळतं. तालुक्यात जाहिरात देणारे कोण? ठेकेदार, पतसंस्था, शिक्षणसंस्था, बाजार समितीचे पदाधिकारी, नगरसेवक, खासगी दवाखाने, प्लॉट पाडून विकणारे. आणि तालुक्यात बातमी कशावर करायची? रस्त्याच्या कामावर, पतसंस्थेतल्या अडकलेल्या ठेवींवर, शाळेच्या फीवर, बाजार समितीतल्या वजनकाट्यावर, दवाखान्याच्या बिलावर, शेतजमिनीच्या परस्पर झालेल्या अकृषिक वापरावर. दोन्ही याद्या जवळजवळ एकच आहेत. दिवाळीला ज्याच्याकडून अर्धं पान घेतलं, त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे किती काम झालं याची सरकारी नोंदवही, जानेवारीत मागायची कशी? मुलगा भित्रा असतो असं नाही. त्याच्या घरचं भाडं त्या अर्ध्या पानातून गेलेलं असतं, एवढंच. पुढे सवय होते. कुठली बातमी लिहायची नाही, हे त्याला कुणी सांगावंही लागत नाही.

महाराष्ट्राच्या २००९च्या विधानसभा निवडणुकीत एकच मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत जवळपास शब्दशः छापून आला होता. त्यावर देशभर चर्चा झाली, प्रेस कौन्सिलच्या समितीने २०१० मध्ये अहवाल लिहिला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत निवडणूक काळातल्या मजकुरावर नजर ठेवणाऱ्या समित्या काम करू लागल्या. पण ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला मजकूर, हा निवडणुकीपुरता आजार आहे, असं समजण्यात चूक होते. त्याचं मूळ वर्षभर चालणाऱ्या पुरवण्यांच्या हिशेबात आहे.

इतकं असूनही हो का म्हणायचं? कारण हे काम दुसरं कुणी करत नाही. विरोधी पक्षाचा कार्यकर्ता करेल, पण त्याला पुढच्या निवडणुकीत निवडून यायचं असतं. माहिती अधिकाराचा कार्यकर्ता कागद काढेल, पण कागद काढणं आणि तो चार हजार घरांत समजेल असा मांडणं ही दोन कामं आहेत. नेमकं काम काय असतं, ते एका उदाहरणावरून सांगतो. जागा काल्पनिक आहे, पद्धत खरी आहे.

गावात सिमेंट काँक्रीटचा रस्ता झाला. नावाच्या फलकावर लांबी २०० मीटर, रुंदी ३ मीटर. सहा महिन्यांत खडी उघडी पडली. नवखा वार्ताहर फोटो काढतो, दोन गावकऱ्यांची प्रतिक्रिया घेतो आणि ‘निकृष्ट रस्त्यामुळे ग्रामस्थ संतप्त’ अशी बातमी देतो. ठेकेदार म्हणतो, जड वाहनं गेली. विषय संपला.

शिकलेला वार्ताहर आधी हा रस्ता कुठल्या पैशातून झाला ते विचारतो. आमदार निधी, गावातल्या कामांसाठीचं राज्य सरकारचं २५१५ लेखाशीर्ष, जिल्हा परिषदेचा सेस (स्वतःचा निधी) की वित्त आयोगाचा निधी? त्यावरून कागद ग्रामपंचायतीत मिळणार, पंचायत समितीत, की बांधकाम उपविभागात, हे ठरतं. चुकीच्या कार्यालयात अर्ज केला की महिना वाया जातो. मग तो कागद मागतो: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, काँक्रीटच्या ठोकळ्यांचे चाचणी अहवाल आणि अंतिम देयक. अंदाजपत्रकात जाडी १५ सेंटिमीटर आणि काँक्रीट एम-२० (हा मजबुतीचा दर्जा) लिहिलं असेल, तर हिशेब सरळ आहे. २०० गुणिले ३ गुणिले ०.१५ म्हणजे ९० घनमीटर. एम-२० च्या एका घनमीटरला सिमेंटच्या साधारण ८ गोण्या लागतात. म्हणजे ७२० गोण्या. आता समजा जागेवर जाडी १० सेंटिमीटर भरली. काँक्रीट ६० घनमीटर झालं, गोण्या ४८०. देयक ९० घनमीटरचं निघालं असेल, तर ३० घनमीटरचे पैसे कशाचे दिले, हा प्रश्न उरतो. त्या प्रश्नाला ‘जड वाहनं गेली’ हे उत्तर पुरत नाही.

यात कुठे फसायला होतं, तेही सांगायला हवं. जाडी कडेला मोजली जाते, कारण तिथेच ती दिसते. पण कडेला लावलेल्या फळीएवढी जाडी पुरी असते आणि मधला भराव उंच ठेवलेला असू शकतो; मग कडेला १५ आणि मध्ये ९. उलटही होतं: कडेची माती सरकून कड तुटलेली असते आणि तिथे मोजलं तर उगाच कमी भरतं. म्हणून एकाच जागी पट्टी लावून फोटो काढण्यात अर्थ नाही. वीस-वीस मीटरवर दोन्ही कडांना मोजावं, पाण्याच्या नळासाठी रस्ता मध्ये फोडला असेल तिथे आवर्जून मोजावं, प्रत्येक जागेचा फोटो पट्टीसकट घ्यावा आणि बातमीत ‘कडेला अमुक ठिकाणी मोजलं असता’ असं लिहावं. मधली जाडी काढायची तर यंत्राने रस्त्याचा आरपार नमुना, म्हणजे गाभा, काढून तपासावा लागतो; ते सरकारी गुणनियंत्रण विभागाचं काम. तशी तपासणी झाली का, हा बातमीतला पुढचा प्रश्न.

आणखी एक फसवी जागा नावाची. ‘अमक्याच्या घरापासून मारुती मंदिरापर्यंत’ आणि ‘मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा’ ही कागदावर दोन कामं असतात. प्रत्यक्षात अमक्याचं घर शाळेला लागूनच असेल, तर रस्ता एकच आणि निधी दोन. हे मुंबईत बसलेल्या कुणालाही कळणार नाही. ते कळायला गाव माहीत असावं लागतं. तालुक्याच्या मुलाला ही माहिती शिकवावी लागत नाही. ती त्याच्याकडे असतेच, आणि म्हणूनच त्याने या कामात यावं असं मला मनापासून वाटतं.

लिहिताना ‘भ्रष्टाचार’ हा शब्द गाळावा. ‘अंदाजपत्रकात १५ सेंटिमीटर, कडेला मोजलेल्या दहापैकी आठ ठिकाणी ११ पेक्षा कमी’ हे वाक्य न्यायालयातही टिकतं आणि वाचकाला कळायचं ते कळतं. ठेकेदार, शाखा अभियंता आणि ग्रामपंचायत अधिकारी या तिघांना छापण्याआधी लेखी प्रश्न पाठवावेत, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तरी चालतील, आणि उत्तराला निदान एक दिवस द्यावा. उत्तर आलं नाही तर तसं लिहावं. ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य मात्र खरोखर फोन लावला असेल तरच लिहावं. बदनामीचा दावा आला की वकील सर्वांत आधी हेच विचारतो: बाजू मागितली होती का, कधी, पुरावा काय.

कागद मिळवण्याचं तंत्र महिनाभरात शिकून होतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये शुल्क, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. म्हणून ‘सन २०१५ पासूनच्या सर्व कामांची सर्व माहिती’ असा अर्ज हमखास परत येतो. ‘का’ आणि ‘कोणामुळे’ असे प्रश्न विचारू नयेत. नोंद मागावी, खुलासा मागू नये. माहिती नाकारली किंवा मुदत उलटली, तर ३० दिवसांत पहिलं अपील आणि त्यावरही समाधान झालं नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे वर्ष-वर्ष जातं. तेव्हा बातमी अर्जाच्या भरवशावर ठेवू नये. जिल्हास्तरावरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडचे अभिलेख नागरिकांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ पाहू द्यावेत, असा शासन निर्णय २०१८ मध्ये निघाला आहे. फार थोडे वार्ताहर तो वापरतात. शासन निर्णयाची प्रत खिशात ठेवून चार सोमवार एकाच कार्यालयात गेलं, की पाचव्या सोमवारी लिपिक स्वतः कपाट उघडून देतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आल्यापासून ‘वैयक्तिक’ म्हणून माहिती नाकारण्याचं प्रमाण वाढण्याची भीती खरी आहे, कारण त्याने माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(जे) बदललं. पण ८(२) शिल्लक आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, आणि अपिलात ते कलम नावानिशी मांडावं लागतं.

कायद्याबद्दल कॉलेजात जेवढं शिकवतात त्याहून जास्त लागतं आणि ते पहिल्याच आठवड्यात लागतं. लहान मुलावरच्या अत्याचाराची बातमी नवशिक्याच्या हातून सर्वांत जास्त चुकते. पोक्सो कायद्याचं कलम २३ फक्त नाव छापायला मनाई करत नाही. पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर, ज्यावरून ओळख पटेल ते सगळं त्यात आलं. शिक्षा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि जबाबदारी प्रकाशकावरही. नऊशे वस्तीच्या गावाचं नाव आणि ‘आईचं किराणा दुकान’ एवढं लिहिलं, तरी मुलगी ओळखली जाते. आरोपी मामा किंवा सावत्र बाप असेल, तर त्याचं नाव छापणं म्हणजे मुलीचंच नाव छापणं. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये चुकून नाव आलं, म्हणून आपल्याला छापायची मुभा मिळत नाही. संपादक कार्यालयात हे तपासेल, या भरवशावर राहू नये; रात्री साडेनऊला पान सोडण्याच्या घाईत ते निसटतं.

जिवाच्या धोक्याबद्दल घरच्यांशी आडपडदा न ठेवता बोललं पाहिजे. ६ फेब्रुवारी २०२३ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. धडक दिली त्याच दिवशी सकाळी त्यांची बातमी छापून आली होती. ते बारसूच्या रिफायनरीबद्दल आणि तिथल्या जमिनींबद्दल लिहीत होते. मुंबईत गुन्हेगारी जगतावर लिहिणारे ज्योतिर्मय डे यांच्यावर पवईत ११ जून २०११ला गोळ्या झाडल्या गेल्या. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण या कायद्याचा आधार घ्यायचा, तर आपण एखाद्या माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी पत्रकार आहोत, हे दाखवावं लागतं. नेमणूकपत्र नसलेल्या वार्ताहराला ते जड जातं आणि स्वतःची यूट्यूब वाहिनी चालवणाऱ्याला त्याहून जड. म्हणून छापील नेमणूकपत्र हा मानापमानाचा विषय नाही, संरक्षणाचा आहे. जमीन, वाळू आणि गौण खनिजाच्या बातमीवर एकट्याने जाऊ नये, आपण कुठे आहोत हे दुसऱ्या वृत्तपत्राच्या सहकाऱ्यालाही माहीत असावं, आणि शक्य तर अशी बातमी दोन-तीन वृत्तपत्रांनी एकाच दिवशी द्यावी. एकाच माणसाकडे ती बातमी असेल, तर त्या माणसाला गप्प करून ती थांबवता येते. चौघांकडे असेल तर थांबत नाही. तालुक्यात स्पर्धा असते, पण धमकी आल्यावर ती बाजूला ठेवणारे वार्ताहर जिथे आहेत, तिथली पत्रकारिता वेगळीच दिसते.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. पुण्यातली रानडे इन्स्टिट्यूट, अमरावतीतलं भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र, विद्यापीठांचे विभाग, यांतून चांगली मुलं येतात. पण माझा सल्ला असा, की पदवी दुसऱ्या विषयाची घ्यावी आणि पत्रकारिता त्यावर चढवावी. वाणिज्य शिकलेल्या मुलीला पतसंस्थेचा ताळेबंद वाचता येतो, कृषी शिकलेल्याला पीकविम्याचं उंबरठा उत्पन्न (ज्याच्या खाली पीक गेलं की भरपाई मिळते) कळतं, सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्याला वरचं रस्त्याचं गणित सांगावंच लागत नाही. आणि मराठी टंकलेखन इनस्क्रिप्ट कळफलकावर, युनिकोडमध्ये शिकावं. जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर संकेतस्थळासाठी बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, आकडे उलटेसुलटे होतात. आकडा चुकला की अख्खी बातमी खोटी ठरते. शासनाची मिनिटाला ३० शब्दांची टंकलेखन परीक्षाही देऊन ठेवावी. उद्या हे काम सोडावं लागलं तर ती पदरी असते.

पैशाचं काय, हा प्रश्न टाळता येत नाही. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने त्या २०१४ मध्ये उचलून धरल्या, त्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत, हे २०१७ मध्ये स्पष्ट केलं. तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत त्यातलं फारसं काही पोचलेलं नाही, कारण तो कर्मचारीच नाही असं कागदावर लिहिलेलं असतं. तेव्हा पहिली तीन-चार वर्षं जोडउत्पन्न लागणार, हे गृहीत धरावं. जोडउत्पन्न कुठलं, याला मात्र फार महत्त्व आहे. भाषांतर, मुद्रितशोधन, पानाची मांडणी, व्हिडिओ संकलन, शिकवणी, स्वतःची शेती, हे चालतं. ठेकेदारीचा परवाना, जमिनीची दलाली, पतसंस्थेचं संचालकपद, पुढाऱ्याच्या समाजमाध्यमांचं काम, हे चालत नाही, कितीही पैसे मिळोत. जाहिरातीचं कमिशन ज्या कारणाने नको, त्याच कारणाने हेही नको.

दर वर्षी ६ जानेवारीला तालुक्या-तालुक्यांत पत्रकार दिन होतो. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं तो हा दिवस. त्या वेळी त्यांचं वय विशीच्या आसपास होतं आणि पत्र त्यांनी १८४० पर्यंत चालवलं. आज त्या दिवशी शाल, श्रीफळ, डायरी आणि जेवण असतं, आणि यजमान बहुधा नगराध्यक्ष, कारखान्याचे अध्यक्ष किंवा पोलीस ठाणं. सत्कार स्वीकारणाऱ्या तरुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्यांना खरोखर प्रोत्साहन द्यायचं आहे, अशा वाचकांनी, निवृत्त शिक्षकांनी, वकिलांनी त्या दिवशी शालीऐवजी काही वेगळं द्यावं. वकिलाने वर्षातून चार नोटिसांची उत्तरं फुकट लिहून द्यावीत. निवृत्त अभियंत्याने मोजमाप पुस्तिका वाचायला शिकवावी. वाचनालयाने दोन वर्षांच्या माहिती अधिकाराच्या प्रतींचा खर्च उचलावा. तो फार होत नाही. आणि वर्गणी भरून अंक घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ फुकट वाचून ‘हल्ली पत्रकार राहिलेत कुठे’ असं म्हणणाऱ्यांनी निदान एवढं करावं.

मुलीच्या बाबतीत घरचे जास्त अडवतात. तिच्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते, पण ती ठोस असावी: रात्री पान लागल्यावर घरी सोडायची सोय कोणाची, कार्यालयात तक्रार समिती आहे का, तालुक्याच्या दौऱ्यावर गाडी मिळते का. हे विचारून घ्यावं आणि जाऊ द्यावं. अंगणवाडी, रेशन, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे गर्भाशयाचे प्रश्न, पाण्याची रांग, या बातम्या तिला घराच्या आत जाऊन मिळतात. पुरुष वार्ताहराला ओसरीवरच चहा देऊन परत पाठवतात.

नोकरी धरताना संपादकाला पाच गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं लेखी घ्यावीत. जाहिरात आणणं माझ्या कामात आहे का? मानधन कोणत्या तारखेला, किती? नेमणूकपत्र आणि ओळखपत्र मिळेल का? बातमीवरून दावा झाला तर वकिलाचा खर्च कोण करणार? माझी बातमी कापली तर कारण कळेल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर उरलेले चार विचारण्यात वेळ घालवू नये. ‘सुरुवातीला थोडं बघ, मग बघू’ हेही ‘हो’च असतं.

आणि कामाला लागून सहा महिने झाले की कात्रणांची वही घेऊन बसावं. प्रत्येक कात्रणावर पेन्सिलीने खूण करावी: ही प्रेसनोटवरून, ही कार्यक्रमाची, ही कुणीतरी सांगितली म्हणून, ही स्वतः कागद पाहून किंवा जागेवर जाऊन. सुरुवातीला शेवटच्या प्रकारातलं महिन्याला एखादं सापडलं तरी ठीक. वर्षाच्या शेवटी आठवड्याला एक व्हायला हवं. तसं होत नसेल, तर कारण वेळ आहे, कौशल्य आहे की वृत्तपत्र, ते शोधावं. वेळ काढता येतो, कौशल्य शिकता येतं, आणि कारण वृत्तपत्र असेल तर ते बदलावं.